महापौर आपण निवडत नाही

१५ जानेवारी २०२६. महापालिकेचं मतदान करून शेजारच्या काकू परतल्या होत्या. फाटकापाशी थांबून, बोटावरची शाई दाखवत त्यांनी विचारलं, "चार बटणं दाबली बघा. त्यातलं महापौराचं कुठलं होतं हो?"

काकूंना दोष देण्यात अर्थ नाही. महिनाभर प्रत्येक चौकातला फलक "महापौर आमचाच" म्हणून ओरडत होता. मतदाराने त्यातून दुसरं काय समजावं? पण हाच प्रश्न मला त्या आठवड्यात निदान दहा जणांनी विचारला. त्यात शिकलेसवरलेले होते, प्रचाराची पत्रकं वाटणारेही होते. वैताग येतो तो इथे. ज्या शहराचा कर आपण भरतो, त्याचा कारभार कोण करतं हे आपल्याला कुणी नीट सांगतच नाही.

तर वस्तुस्थिती अशी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही महापालिकेत मतदार महापौर निवडत नाही. आपण निवडतो नगरसेवक. ते सभागृहात जमतात आणि आपल्यातल्याच एकाला महापौर, एकाला उपमहापौर करतात. मतदान गुप्त नसतं, हात वर करून होतं. पक्षादेश मोडला तर राज्याच्या १९८६ च्या पक्षांतरबंदी कायद्याने सदस्यत्व जाऊ शकतं. महापौराची मुदत अडीच वर्षांची. पद कोणत्या प्रवर्गाला जाणार, महिलेसाठी राखीव असणार की नाही, हे मंत्रालयातल्या सोडतीत ठरतं. म्हणजे फलकावर ज्याचा फोटो "भावी महापौर" म्हणून झळकतो, तो त्या खुर्चीसाठी पात्र तरी असेल का, हे सोडत निघेपर्यंत त्याचं त्यालाही माहीत नसतं.

घोळाचं एक कारण मात्र खरं आहे. नगरपालिकेत नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. ही पद्धत २०१६ मध्ये आणली, २०२० मध्ये रद्द केली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. तालुक्याच्या गावातल्या बहिणीने डिसेंबरात नगराध्यक्षाला स्वतंत्र मत दिलं, म्हणून शहरातल्या भावाला वाटतं की आपणही देणार. शिवाय उत्तर प्रदेशात आणि मध्य प्रदेशात महापौर थेट निवडतात, त्या बातम्या आपण टीव्हीवर बघतो. आपल्याकडे तसं नाही.

याच गैरसमजाचा दुसरा भाग जास्त नुकसान करतो. तो म्हणजे, महापौर शहर चालवतो. रस्ता खचला, महापौर काय करतोय? नळाला पाणी नाही, महापौरांना निवेदन द्या. पुण्या-नाशिकसारख्या शहरांना लागू असलेला १९४९ चा महापालिका अधिनियम घ्या किंवा मुंबईचा १८८८ चा कायदा घ्या, कारभाराचे अधिकार आयुक्ताकडे आहेत आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर मुख्य सभेचा अध्यक्ष. तो सभा चालवतो, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देतो. खर्चाच्या मोठ्या प्रस्तावांना मंजुरी स्थायी समिती देते आणि तिचा अध्यक्ष वेगळा असतो. निविदा काढणं, कर्मचाऱ्याची बदली करणं, अतिक्रमण हटवणं यांपैकी एकाही आदेशावर महापौराची सही लागत नाही.

पटत नसेल तर मागची चार वर्षं आठवा. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पुण्याची त्याच महिन्यात. राज्यघटनेच्या कलम २४३-यू प्रमाणे मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी होती. ती झाली नाही. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. निवडणुका होईपर्यंत जवळजवळ चार वर्षं या शहरांना महापौर नव्हता. कचरा उचलला गेला, पगार झाले, पूल बांधले गेले, निविदा निघाल्या. मुंबईचा २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प आयुक्तांनी मांडला आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर केला.

यावर कुणी म्हणेल, मग सभागृह हवंच कशाला? हा निष्कर्ष पहिल्या गैरसमजापेक्षाही वाईट. त्या चार वर्षांत अमुक रस्ता दोनदा का खोदला, हे सभागृहात उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. मालमत्ताकराचे दर ठरवणं, अर्थसंकल्पात फेरफार करणं, स्थायी समितीत प्रस्ताव अडवणं हे अधिकार निवडून आलेल्या सदस्यांचे आहेत आणि ते खरे आहेत. पण ते सगळ्या सभागृहाचे आहेत, एकट्या महापौराचे नव्हेत. त्यांनाही मर्यादा आहेच. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईच्या १११ नगरसेवकांपैकी शंभरहून अधिक जणांनी आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव मंजूर केला. राज्य सरकारने तो मानला नाही आणि मुंढे पुढच्या मार्चपर्यंत त्याच खुर्चीत राहिले. मुंढे बरोबर की नगरसेवक, हा वाद वेगळा. दोर कुणाच्या हातात आहे, ते त्यातून दिसलं. महापौराला मंत्रिमंडळासारखी सत्ता देण्याचा प्रयोग मुंबई आणि नागपुरात १९९८ मध्ये झाला होता. वर्षभरातच तो गुंडाळला.

बाकीचे गैरसमज इतके खोल नाहीत. उपमहापौर आपोआप पुढचा महापौर होत नाही. खुर्ची रिकामी झाली तर नवी निवड होईपर्यंत तो काम बघतो, एवढंच. स्वीकृत नगरसेवकाला महापौराच्या निवडीत मत नसतं. महापालिकेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी मात्र विधानसभेचीच वापरतात, त्यामुळे वेगळी नोंदणी लागत नाही. यंत्राशेजारी चिठ्ठी दिसली नाही म्हणून घाबरू नये, या निवडणुकांत व्हीव्हीपॅट नसतं. महिला राखीव जागेसाठी पुरुषांनीही मत द्यायचं असतं. हेही दर वेळी सांगावं लागतं. "नोटा म्हणजे वाया गेलेलं मत" हेही अर्धवट. राज्य आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक होते. तिथेही नोटाच पुढे राहिला, तर मात्र उमेदवारांत जो पहिला, तो विजयी.

आणि ती चार बटणं. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक जातो, असे २२७. बाकीच्या शहरांत बहुतेक प्रभागांना चार जागा आहेत: अ, ब, क, ड. पुण्यात ४१ प्रभाग मिळून १६५. चारही जागांवर वेगवेगळं मत द्यायचं, पक्ष एकच असायला हवा असं काही नाही. निकालानंतर अमुक गल्ली "अ"ची, तमुक "क"ची, अशी वाटणी कार्यकर्ते आपसात करतात. कायद्यात तसं काही नाही. चौघेही अख्ख्या प्रभागाचे.

काकूंच्या इमारतीला तीन आठवडे पाणी कमी दाबाने येतंय. महापौरांना लिहायला घेतलेला अर्ज मी त्यांना बदलायला लावला. वर क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांचं नाव घातलं, खाली प्रत म्हणून चारही नगरसेवकांची. नावं सांगा म्हटलं, तेव्हा काकूंना एकच आठवलं. उरलेली तीन आम्ही निकालाच्या दिवसाचं वर्तमानपत्र रद्दीतून काढून शोधली.