न्यूक्लिओटाइडांचे पृथक्करण

रायपूर हे नाव आपणांस छत्तीसगडच्या राजधानीचे म्हणून परिचित आहे. त्याच नावाच्या, आता पाकिस्तानात असलेल्या एका खेड्यात हरगोविंद खोराना जन्मले. जनुकसंकेताच्या उलगड्याबद्दल त्यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यासाठी त्यांनी न्यूक्लिओटाइडांच्या ठराविक क्रमाच्या साखळ्या घडविल्या. साखळी अशुद्ध राहिली असती, तर तिच्यावरून वाचलेला संकेतही चुकला असता.

शुद्धीकरणाचे त्यांचे एक प्रमुख साधन म्हणजे स्तंभ-वर्णलेखन. अमेरिकेत ओक रिज येथे वॉल्डो कोन यांनी १९५० च्या सुमारास ही रीत न्यूक्लिओटाइडांस यशस्वीपणे लावली होती. न्यूक्लिओटाइडातील फॉस्फेटामुळे त्यावर ऋण विद्युत् भार असतो. म्हणून धन भाराच्या कणांनी भरलेल्या नळीत ते चिकटून राहते. पुढे लवणाचे प्रमाण हळूहळू वाढवीत द्रावण सोडले, की एक फॉस्फेट असलेले ॲडिनोसीन मोनोफॉस्फेट प्रथम सुटते, दोन फॉस्फेटांचे त्यानंतर आणि तीन फॉस्फेटांचे अखेरीस. ही द्रव्ये रंगहीन असतात. परंतु २६० नॅनोमीटरच्या आसपासचा जंबुपार प्रकाश ती शोषतात व त्यावरून ओळखू येतात.

आज सूक्ष्म कण व उच्च दाब यांमुळे हे काम काही मिनिटांत होते. तरीही आम्लता, लवण आणि प्रवाहाचा वेग यांचा मेळ प्रयोगानेच बसवावा लागतो. नवी पद्धत सिद्ध करणे ते हेच होय.