तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी आणि अणुभट्टी

अमेरिकेच्या वायव्येला, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात रीड कॉलेज आहे. विद्यार्थी सुमारे दीड हजार. इंजिनिअरिंगचा एकही विभाग नाही. तरीही कॉलेजच्या आवारात एक अणुभट्टी आहे. ती १९६८ पासून चालू आहे आणि चालवतात पदवीचे विद्यार्थी. त्यातही सगळे भौतिकशास्त्राचे नव्हेत. नियंत्रण कक्षात बसलेली मुलगी तत्त्वज्ञानाची असेल, नाहीतर इंग्रजी साहित्याची. मुख्यतः पदवीच्या मुलांनी चालवलेली दुसरी अणुभट्टी जगात नाही, असं कॉलेज अभिमानाने सांगतं.

हे ऐकल्यावर काळजाचा ठोका चुकला तर त्यात नवल नाही. पण ही भट्टी ‘ट्रिगा’ जातीची आहे, आणि या जातीची जन्मकथाच विलक्षण आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर, फ्रीमन डायसन आणि त्यांचे सहकारी कॅलिफोर्नियात जमले. टेलर यांची अट अशी, की शाळकरी मुलांच्या हाती दिली तरी कुणाला इजा होणार नाही, अशी भट्टी हवी. त्यांनी सुरक्षितता इंधनाच्या स्वभावातच घातली. इंधनात युरेनियमबरोबर झिर्कोनियम हायड्राइड असतं. त्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग कमी करतो, म्हणून विखंडन चालू राहतं. इंधन तापलं की तोच हायड्रोजन थरथरू लागतो आणि उलट न्यूट्रॉनना वेग देतो. वेगवान न्यूट्रॉनकडून विखंडन कमी होतं, त्यामुळे भट्टीची शक्ती सेकंदाच्या काही हजाराव्या भागात आपोआप उतरते. त्यासाठी कुणी बटण दाबावं लागत नाही.

रीडची भट्टी २५० किलोवॉटची. आपल्या तारापूरपुढे ती चिमुकलीच, आणि वीज तर ती बनवतच नाही. सुमारे २५ फूट खोल पाण्याच्या टाकीत तळाशी तिचा गाभा असतो. काठावर उभं राहून वाकून पाहिलं की तळाशी निळा उजेड दिसतो. पाण्यात प्रकाशाचा वेग जवळजवळ पाऊणपट होतो आणि गाभ्यातून सुटलेले काही इलेक्ट्रॉन त्याहून जोरात धावतात. वेगाने जाणारी होडी मागे लाटांचा कोन सोडते, तसा हे इलेक्ट्रॉन मागे प्रकाश सोडत जातात. आपल्या तुर्भ्यातली ‘अप्सरा’ही पाण्याच्या टाकीतलीच भट्टी होती. १९५६ मध्ये ती सुरू झाली आणि तिला हे नाव या निळाईवरूनच मिळालं, असं सांगतात.

मुलं भट्टीत करतात काय? दगडाचा, मातीचा किंवा खापराचा कण कुपीत घालून गाभ्यात पाठवतात. न्यूट्रॉनचा मारा झाला की त्यातली अनेक मूलद्रव्यं आपापल्या ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडू लागतात. ते मोजले की नमुन्यात काय आणि किती आहे ते कळतं. अर्थात तिथवर पोचायला आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि मग परीक्षा द्यावी लागते, लेखी आणि प्रत्यक्ष चालवून दाखवण्याची. वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्यांना परवाने देणारा सरकारी आयोगच ही परीक्षा घेतो. विशीतल्या मुलांना त्यात कसलीही सूट नाही.

मला भट्टीइतकंच नवल वाटतं ते तिच्याभोवतीच्या कॉलेजचं. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या या कॉलेजात निबंध परत येतो तो प्राध्यापकांच्या लांबलचक शेऱ्यांसह. त्यावर ग्रेड सहसा नसते. ग्रेड नोंदवली जाते, पण ती मुद्दाम विचारावी लागते. परीक्षेला पर्यवेक्षक नसतो. मुलांच्या सचोटीवर भिस्त. देशातल्या कॉलेजांची गाजलेली क्रमवारी छापणाऱ्या नियतकालिकाला माहिती पुरवणं रीडने १९९५ मध्ये थांबवलं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो, विषय कोणताही असो. मग प्राध्यापकांच्या मंडळापुढे तोंडी परीक्षा. बांधलेले प्रबंध ग्रंथालयाच्या मनोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या जपले जातात. कवी गॅरी स्नायडर यांनी १९५१ मध्ये हैडा आदिवासींच्या एका पुराणकथेवर प्रबंध लिहिला. पुढे १९७९ मध्ये त्याचं पुस्तक झालं. कष्टकऱ्यांच्या जगण्यावर लिहून नाव कमावलेल्या बार्बरा एरेनराइक यांचा १९६३ चा प्रबंध होता सिलिकॉनच्या विद्युत-रसायनावर! विशीतला विषय माणसाला जन्मभर बांधून ठेवत नाही. एक प्रश्न वर्षभर धसाला लावण्याची सवय मात्र अंगात मुरते.

स्टीव्ह जॉब्ज यांचं नाव इथे हमखास निघतं. १९७२ मध्ये ते रीडला आले, एका सत्रानंतर नाव काढून घेतलं, पण वर्गांना बसत राहिले. त्यातला एक सुलेखनाचा. लॉइड रेनॉल्ड्स यांनी तिथे रुजवलेली ही कला तेव्हा रॉबर्ट पॅलाडिनो शिकवत. ते पूर्वी ख्रिस्ती मठात संन्यासी होते. मॅकिंटॉशमधल्या देखण्या अक्षरांचं श्रेय जॉब्ज यांनी २००५ च्या भाषणात या वर्गाला दिलं. फी न भरणाऱ्या मुलाला कुणी वर्गाबाहेर काढलं नाही, ही गोष्ट मला त्या अक्षरांहून मोठी वाटते.

आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीचं चौथं वर्ष आणलं. त्यात संशोधनाची वाट आहे, पण पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांनाच. रीडमध्ये ती प्रत्येकाला चालावीच लागते. तुमच्या घरातलं कुणी त्या चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर असेल, तर विषय त्याचा त्याला निवडू द्या, आणि त्याने लिहिलेलं शेवटच्या पानापर्यंत वाचा.