सिम्पसनचा मार्च

अंटार्क्टिकाच्या हवामानावरचा एक पायाभूत ग्रंथ 1919 मध्ये कलकत्त्यात, थॅकर स्पिंक कंपनीकडून निघाला. लेखक जॉर्ज क्लार्क सिम्पसन, हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्यातले अधिकारी, मुक्काम सिमला. हे खातं 1928 मध्ये पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. ध्रुवप्रदेशांविषयी हाताला लागेल ते वाचायचं वेड मला फार जुनं. स्कॉट-अमुंडसेनची दक्षिण ध्रुवाची शर्यत आणि तिचा शेवट वाचकांना ठाऊक आहे, तो पुन्हा सांगत बसत नाही. स्कॉटच्या मोहिमेविषयी काहीही वाचायला घेतलं तरी मी थांबतो तो सिम्पसनपाशी. ध्रुवावरच्या टोकाच्या हवामानाबद्दल आज जो वाद चालतो (ही निसर्गाची लहर की हवामानच बदलतं आहे?), त्याच्या दोन्ही बाजू या एका माणसाच्या आयुष्यात येऊन गेल्या.

1910 मध्ये ते 'टेरा नोव्हा' जहाजावरून स्कॉटबरोबर गेले. केप इव्हान्सच्या लाकडी झोपडीतला एक कोपरा त्यांच्या उपकरणांनी भरला होता. त्यांचा फुग्याचा प्रयोग मला विशेष प्रिय आहे. हायड्रोजन भरलेल्या फुग्याला एक चिमुकलं उपकरण बांधायचं, त्याला मैलोगणती रेशमी धागा. मंद जळणारी वात ठरल्या वेळी गाठ जाळते, उपकरण सुटून बर्फावर पडतं आणि मग ही माणसं तो धागा हुडकत गोठलेल्या समुद्रावरून चालत जातात. उपकरणातल्या पातळ पत्र्यावर उमटलेला ओरखडा सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचा. वरच्या हवेचं तापमान कळायचं ते त्या ओरखड्यातून. बर्फालगतची हवा पुष्कळदा वरच्या हवेपेक्षा थंड असते. वारा असेल तर दोन्ही थर ढवळले जातात. वारा पडला की गारठा खाली साचत जातो.

ध्रुवावरून परतताना याच गारठ्याने स्कॉट आणि त्याच्या साथीदारांचा घात केला, असं सिम्पसन यांचं म्हणणं. मार्च 1912 मध्ये ते स्वतः हिंदुस्थानात परतण्यासाठी जहाजावर चढले होते, आणि त्याच दिवसांत दक्षिणेला रॉस हिमपट्टीवर रात्रीचा पारा उणे 34 सेल्सिअसच्या आसपास आणि त्याखालीही उतरत होता. इतक्या थंडीत घसरगाडीच्या पट्ट्यांखाली घर्षणाने पाण्याचा पातळ थर सुटत नाही. बर्फ वाळूसारखं धरून ठेवतं. पाठीवर घ्यायला दक्षिणेचा वाराही नव्हता. स्कॉटचा साथीदार बॉवर्स याच्या हवामान-नोंदी नोव्हेंबरमध्ये तंबूत प्रेतांबरोबर सापडल्या. जीव जात असतानाही दोरीला बांधलेला तापमापक हवेत गरागरा फिरवून पारा टिपणारा हा माणूस मला त्या मोहिमेतल्या कुणाहीपेक्षा मोठा वाटतो.

1923 मध्ये ऑक्सफर्डच्या हॅली व्याख्यानात सिम्पसन यांनी निकाल दिला: असा मार्च क्वचित येतो, दहांपैकी नऊ वर्षी ही माणसं जिवंत परतली असती. पुढे 1979 मध्ये चरित्रकार रोलंड हंटफर्ड यांनी सगळा दोष स्कॉटच्या ढिसाळपणावर टाकला आणि थंडीची सबब लंगडी ठरली. सिम्पसन यांच्याजवळ तुलनेला जेमतेम दोन-चार वर्षांच्या नोंदी होत्या, हे खरंच होतं. मग 1999 मध्ये शास्त्रज्ञ सुझन सॉलोमन आणि चार्ल्स स्टर्न्स यांनी त्याच वाटेवरच्या स्वयंचलित केंद्रांचे दीड दशकाचे आकडे मांडले. स्कॉटच्या वाट्याला आलेला मार्च सरासरीहून 5 ते 11 अंशांनी थंड होता, आणि त्या सगळ्या वर्षांत तसा महिना एकदाच, 1988 मध्ये, आला होता. सिम्पसन बरोबर ठरले. (शेवटचं दहा दिवसांचं हिमवादळ मात्र सॉलोमन यांनाही पटत नाही. तिथली वादळं इतकी टिकत नाहीत. स्कॉटचा हिमदंशाने निकामी झालेला पाय हेच थांबण्याचं कारण असावं, असा त्यांचा कयास. मलाही तोच पटतो.)

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी 1938, लंडन, रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीची बैठक. गाय कॅलेंडर नावाचा वाफेच्या यंत्रांचा इंजिनिअर सांगत होता की कोळसा जाळून आपण हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवतो आहोत आणि जग तापू लागलं आहे. त्याला ती ऊब हितकारकच वाटत होती, हा भाग वेगळा. चर्चेत सर जॉर्ज सिम्पसन उठले. 1920 पासून ते ब्रिटिश हवामान खात्याचे प्रमुख होते. त्यांच्या मते तापमानातली वाढ आणि वायूतली वाढ यांची गाठ योगायोगाने पडली होती; हवेच्या हालचाली लक्षात न घेता नुसता किरणांचा हिशेब मांडून काही सिद्ध होत नव्हतं. एका विचित्र महिन्यामागचं कारण अचूक हेरणाऱ्या सिम्पसन यांना खुद्द सरासरीच सरकते आहे हे मान्य करवेना. त्यांच्या शंका त्या काळच्या शास्त्राला धरून होत्या. तरी बाहेरच्या माणसाकडे त्यांनी वरून पाहिलं, असं मला वाटतं, आणि त्याचं वाईटही वाटतं.

स्कॉटच्या त्या मार्चनंतर बरोबर 110 वर्षांनी, 18 मार्च 2022 रोजी, पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावरच्या फ्रेंच-इटालियन कॉन्कॉर्डिया केंद्रावर पारा उणे 10 च्या आसपास पोचला. एरवी तिथे त्या दिवसांत उणे 50 ची थंडी असते. सरासरीपेक्षा जवळजवळ 39 अंश जास्त! समुद्रावरून बाष्पाचा लांबलचक पट्टा थेट पठारावर घुसला होता. त्याच आठवड्यात किनाऱ्यावरची, आधीच खिळखिळी झालेली काँगर हिमपट्टी कोसळली.

इथे सिम्पसन पुन्हा आठवतात. जग थोडं तापलं की बाष्प वाढतं, हिमवर्षाव वाढतो आणि हिमनद्या फुगतात, असा त्यांचा हिमयुगाचा सिद्धांत होता. हिमयुगाचं कारण म्हणून तो टिकला नाही. पण 2022 च्या त्या लाटेत जेवढं बर्फ वितळलं त्याहून कितीतरी जास्त हिम पडलं. संशोधकांनी हवामानबदलाचा वाटा मोजला तेव्हा त्या 39 अंशांपैकी सुमारे 2 अंशच त्याच्या खाती निघाले, उरलेलं काम वाऱ्यांचं. एवढ्यावर सिम्पसन यांनी बहुधा मान डोलावली असती. मात्र वाऱ्यांचा तोच मेळ या शतकाच्या अखेरीस जुळला तर आणखी 5 ते 6 अंशांची भर पडू शकते, असंही त्याच अभ्यासात आहे. तेव्हा तीन हजार मीटरहून उंच असलेल्या त्या पठारावर, हिवाळ्याच्या तोंडावर, पारा शून्याच्या फार खाली राहिलेला नसेल.