अशीरगड आणि उखळी तोफेचं गणित

खंडवा-भुसावळ लोहमार्गावरच्या चांदनी स्टेशनच्या परिसरात अशीरगडाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘एवढा उंच गड, तोफेनं थोडाच पडतो? फितुरीनंच पडणार.’ मी पेशानं इंजिनियर, म्हणून हे विधान आकड्यांनी तपासावंसं वाटलं.

१८१९ च्या मार्च-एप्रिलमध्ये डव्हटन आणि माल्कम यांच्या इंग्रजी फौजांनी गडाला वेढा घातला. शिंद्यांचा किल्लेदार जसवंतराव लाड याने ९ एप्रिलला गड खाली केला. पायथ्यापासून माथा सुमारे २५० मीटर उंच.

आता एक उदाहरण घेऊ. तटापासून ७०० मीटरवर उखळी तोफ आहे. गोळ्याचा वेग सेकंदाला १०० मीटर, कोन ६० अंश. (वेग आणि अंतर हिशेबापुरतं मी धरलेलं आहे.) या वेगाचे दोन भाग पडतात : आडवा ५०, उभा ८६.६. आडव्या वेगाला गुरुत्वाकर्षण हात लावत नाही, म्हणून ७०० मीटर जायला १४ सेकंद. तेवढ्या वेळात उभ्या वेगानं गोळा १२१२ मीटर चढला असता. पण गुरुत्वाकर्षण त्याला ½ × ९.८ × १४² म्हणजे ९६० मीटर खाली ओढतं. उरले २५२ मीटर. म्हणजे गोळा बरोबर माथ्यावर!

खरी गोम पुढे आहे. गोळा नवव्या सेकंदाच्या आसपास सर्वोच्च बिंदूला, म्हणजे सुमारे ३८३ मीटरवर पोचतो आणि मग उतरू लागतो. माथ्याशी येताना तो जवळपास ४५ अंशांत खाली येत असतो. तट समोरचा मारा अडवील. वरून पडणारा कुलपी गोळा कसा अडवणार?

यात हवेचा अडथळा धरलेला नाही. मंद, जड गोळ्याला तो कमी जाणवतो. वेगवान तोफगोळ्याला मात्र हे सूत्र फसवतं : सेकंदाला ४०० मीटर वेग आणि ४५ अंश धरले तर पल्ला १६ किलोमीटर निघतो, त्या काळच्या तोफा त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नसत. हवेचा हा जोर बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली दाखवून दिला.

गड का सोडला, हे एकट्या गणितानं ठरत नाही; त्याला कागदपत्रंच हवीत. पण ‘उंच म्हणून सुरक्षित’ हा पुरावा मात्र आता बाद धरावा. पुढच्या वेळी कुठल्याही वेढ्याचं वर्णन वाचताना आधी दोन गोष्टी शोधा : मोर्चा किती लांब होता आणि तोफ कुठल्या जातीची होती.