ब्लॉगवालींच्या जत्रेत

साहित्य संमेलन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मांडव, ग्रंथदिंडी, लांबलेली भाषणे आणि पुस्तकांच्या स्टॉलवरची गर्दी उभी राहते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला मी जे संमेलन पाहिले त्यात मांडव आणि दिंडी नव्हती, पण भाषणे होती, स्टॉल होते, गर्दी तर विचारूच नका. आणि जमलेल्या जवळजवळ सगळ्या बायका होत्या. ‘ब्लॉगहर’ असे या संमेलनाचे नाव. २ ते ४ ऑगस्ट असे तीन दिवस ते मॅनहॅटनच्या हिल्टन हॉटेलात भरले होते. त्यातले शुक्रवार आणि शनिवार मी तिथे होते. आपल्या अंकाच्या संपादकांनी “त्यावर लिहा की” म्हटले, म्हणून हा लेख.

भारतात हा अंक वाचणाऱ्या काका-काकूंसाठी आधी थोडे सांगते. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली स्वतःची वही. आपण लिहायचे, आपणच छापायचे. नवे पान सगळ्यात वर दिसते, वाचणारा खाली आपले मत लिहू शकतो. संपादक नाही आणि ‘साभार परत’ही नाही. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ मधला. १९९९ मध्ये कुणीतरी गमतीने तो ‘वी ब्लॉग’ असा तोडला आणि ‘ब्लॉग’ हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ ही सोय सुरू झाली आणि संगणकाचे फारसे ज्ञान नसलेल्यांनाही लिहिता येऊ लागले.

पण सुरुवातीला नावाजले जाणारे ब्लॉग बहुतेक पुरुषांचे होते. “बायका ब्लॉग लिहितात कुठे?” असा प्रश्न इथे वारंवार विचारला जाई. एलिसा कॅमाहोर्ट, जोरी दे जार्डिन आणि लिसा स्टोन या तिघींनी त्याला उत्तर म्हणून २००५ च्या जुलैत कॅलिफोर्नियात सांता क्लारा इथे एक दिवसाचे संमेलन भरवले. साधारण तीनशे जणी आल्या. सातच वर्षांत हे संमेलन इतके वाढले की २०१२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याला व्हिडिओवरून संबोधित केले आणि मार्था स्टुअर्ट व केटी कूरिक यांच्या मुलाखती झाल्या. निवडणुकीच्या वर्षात राष्ट्राध्यक्षांना या बायकांशी बोलावेसे वाटले, यातच काय ते आले.

आता मी तिथे कशी? मी सांगलीच्या एका शाळेत सहा वर्षे मराठी शिकवत होते. एम.ए. झालेले, मुलांच्यात रमलेले. लग्नानंतर एडिसनला आले ती एच-४ व्हिसावर. या व्हिसावर तेव्हा नोकरी करता येत नसे, हे या अंकाच्या निम्म्या वाचकांना तरी अनुभवाने ठाऊक आहे. सोशल सिक्युरिटी नंबरसुद्धा मिळत नसे. कुठलाही फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यापाशी हात थबकतो.

लेक चार वर्षांची असताना तिला एक गोष्ट सांगत होते. गोष्टीतली आजी माजघरात बसून विळीवर भोपळा चिरत होती. लेकीने विचारले, “माजघर म्हणजे किचन का? आणि विळी म्हणजे नाइफ?” दोन्ही उत्तरे चुकीची, आणि बरोबर उत्तर एका वाक्यात देता येईना. रात्री मी विळीवर एक पान लिहिले. ती कशी असते, पाय कसा ठेवायचा, नारळ खवायला पुढे काय असते, आमच्या आजीची विळी कुणाच्या लग्नात आली. मग फडताळ, उंबरठा, कोनाडा, शिंके, पाटा-वरवंटा. तीन वर्षे झाली, दर आठवड्याला एक शब्द. हाच माझा ब्लॉग. रोज चाळीस-पन्नास जण वाचतात. त्यात माझी आई, मावशी आणि सासूबाई आल्याच.

सासूबाईंनी एकदा कौतुकाने विचारले, “अगं, एवढं लिहितेस, पैसे किती देतात त्याचे?” म्हटले, “अहो आई, काहीच नाही.” त्या म्हणाल्या, “मग मेली ही उठाठेव कशाला?” त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, साधी चौकशी होती. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि तो मनात घर करून बसला. संमेलनाचा पास काही शे डॉलर्सचा होता. एक डॉलर न मिळवणारीने तो घ्यावा का, यावर घरात चर्चा झाली. शेवटी नवराच म्हणाला, “जा. दोन दिवस आम्ही बापलेक मॅगी खाऊ.”

हिल्टनच्या लॉबीत पाऊल टाकले आणि छाती दडपली. सगळ्या जणी एकमेकींना मिठ्या मारत होत्या. वर्षानुवर्षे एकमेकींचे वाचलेले, पण प्रत्यक्ष भेट पहिलीच. कुणाच्या मुलाचे ऑपरेशन झाले, कुणाचे घर विकले, सारे आधीच माहीत. फक्त उंची माहीत नाही! “तू एवढी बुटकी असशील असं वाटलं नव्हतं,” हे वाक्य मी दोन दिवसांत चारदा तरी ऐकले. ओळख झाली की लगेच कार्डांची देवाणघेवाण. मी घरच्या प्रिंटरवर शंभर कार्डे छापून नेली होती, एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला देवनागरी. देवनागरी बाजू पाहून लोक थांबत, अक्षरांवरून बोट फिरवत आणि “ही वरची रेघ कसली?” असे विचारत. शिरोरेघ म्हणजे काय हे मी इतक्यांदा समजावले की शाळेत परत गेल्यासारखे वाटले.

संमेलनाचा एक मोठा भाग म्हणजे कंपन्यांचे दालन. साबण, सॉस, डायपर, व्हॅक्यूम क्लीनर, खेळणी, सगळ्यांचे स्टॉल, आणि प्रत्येक जण हातात पिशवी देणार. काही अनुभवी बायका त्यासाठी घरून रिकामी सूटकेस घेऊन आल्या होत्या! कंपन्यांचा हिशेब सरळ आहे. घरात काय आणायचे हे बहुधा बाई ठरवते, आणि जाहिरातीपेक्षा ती दुसऱ्या बाईच्या शब्दावर विश्वास ठेवते. म्हणून ब्लॉगवालीला वस्तू फुकट द्यायची आणि तिने त्यावर लिहायचे. यात वाचकांची फसवणूक होऊ नये म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००९ पासून दंडक घातला आहे. वस्तू फुकट मिळाली असेल किंवा पैसे घेतले असतील, तर तसे लेखात स्पष्ट सांगायचे. आपल्यापैकी कुणी पाककृतींचा ब्लॉग चालवत असेल आणि मसाल्याची पाकिटे भेट येत असतील, तर हे लक्षात ठेवा.

“तू कमाई कशी करतेस?” हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी सात-आठ जणींनी विचारला. सासूबाईंचाच प्रश्न, फक्त इंग्रजीत. जाहिरातींचे पैसे घेणे म्हणजे या व्हिसावर ‘काम’ ठरेल का, ही शंका असल्यामुळे त्या वाटेला जायचेच नाही असे आम्ही ठरवले आहे. हे मी सांगितले की समोरचीच्या चेहऱ्यावर आश्चर्य. एक तर म्हणाली, “म्हणजे सरकारनं तुला लिहायची परवानगी दिलीय, पण त्याचे पैसे घ्यायची नाही?” इतक्या थोडक्यात मलाही ते कधी सांगता आले नव्हते.

वर्गखोल्यांसारख्या लहान दालनांत चर्चासत्रे चालत. फोटो कसे काढावेत, पुस्तक कसे काढावे, अशी कामाची माहिती तिथे मिळाली. पण सगळ्यात तापलेली चर्चा मुलांविषयी होती. आई आपल्या मुलांबद्दल लिहिते. तेच मूल पंधरा वर्षांचे होऊन ते वाचेल तेव्हा काय? एक बाई म्हणाली की मुलाला वाचता येऊ लागल्यापासून त्याला दाखवल्याशिवाय ती त्याच्यावर एक ओळही छापत नाही. दुसरी म्हणाली, असा नियम केला असता तर तिच्या ऑटिस्टिक मुलाबद्दल तिने कधी लिहिलेच नसते, आणि तिच्यासारख्या आयांना एकमेकींचा आधार मिळाला नसता. दोघींनाही टाळ्या पडल्या. मला दोघींचेही पटले. माझ्या ब्लॉगवर लेकीचे नाव आणि फोटो नाहीत, आणि यापुढेही नसतील.

संमेलनात वर्षभरातल्या निवडक लेखांचे जाहीर वाचनही होते. भल्या मोठ्या सभागृहात साध्यासुध्या बायका व्यासपीठावर येऊन आपले पान वाचतात. एक हसवते, पुढची रडवते. जे पान घरात मुले झोपल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहिले, ते हजारो जणी श्वास रोखून ऐकतात. घरातल्या गोष्टी ‘किरकोळ’ असतात असे मला आता कुणी सांगून पाहावे!

शनिवारी जेवणाच्या टेबलाशी शेजारी एक पन्नाशीची बाई बसली. लुईझियानाची, केजन घराण्यातली. केजन म्हणजे पूर्वी कॅनडातून हाकलले गेलेले आणि दक्षिणेत येऊन वसलेले फ्रेंचभाषक. माझे कार्ड उलटसुलट करून तिने विचारले, मी नक्की काय लिहिते? मी विळीचे सांगितले, हातवारे करून. तिने काटा खाली ठेवला. तीही तेच लिहीत होती! आजीच्या तोंडचे फ्रेंच शब्द, एकेका शब्दावर एकेक पान.

मग तिने आजीची हकीकत सांगितली. लुईझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत फक्त इंग्रजीतून शिकवायचे असे ठरवले. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलले की शिक्षा होई. आजीने ती भोगली आणि ठरवून आपल्या मुलांशी इंग्रजीत बोलली, त्यांना तसा त्रास होऊ नये म्हणून. नातीला फ्रेंच कानावर पडले ते फक्त मोठ्यांच्या गुपितांमध्ये. आजी गेल्यावर तिने शब्द गोळा करायला घेतले. “निम्म्या शब्दांचा उच्चार मला माहीत नाही,” ती म्हणाली, “आणि विचारायला कुणी उरलं नाही.”

थोड्या वेळाने तिने विचारले, “तुझी आजी आहे?”

“आजी नाही. आई आहे, सासूबाई आहेत.”

“आणि मुलगी तुझ्याशी मराठीत बोलते?”

मी म्हटले, “मी मराठीत विचारते, ती हल्ली इंग्रजीत उत्तर देते.”

“म्हणजे तिला कळतं अजून,” ती म्हणाली. “माझ्या घरात ती वेळ १९५० मध्येच टळून गेली.”

त्यावर मला काही बोलता आले नाही. माझ्या आजीला तर मराठीसाठी कुणी छडी मारली नव्हती. माझ्या लेकीलाही कुणी मारत नाही. तिची शाळा चांगली आहे, बाई प्रेमळ आहेत, मैत्रिणी गोड आहेत. तरीही उत्तर इंग्रजीत येते.

परतीच्या गाडीत एलिझाबेथ, लिंडन ही स्टेशने लागली तेव्हा त्यांच्या शेजारचे रोझेल आठवले. १८८० च्या सुमारास गोपाळराव जोशींचे एक पत्र इथल्या मिशनरी मासिकात छापले गेले. रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसल्या असताना वाचले आणि पुण्या-मुंबईकडच्या एका अनोळखी मुलीला पत्र लिहिले. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. जून १८८३ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तोवर दोघींची पत्रांतून पक्की ओळख झालेली होती. पुढे आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, पुकिप्सीला, ठेवल्या गेल्या. न पाहिलेल्या बाईशी लिहून नाते जोडणे हे काही इंटरनेटने शोधलेले नाही. आपल्याच वाटेवरच्या स्टेशनाजवळ ते सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी घडून गेले आहे.

परत आल्यावर मी एक बदल केला. आता शब्द लिहिण्याआधी सासूबाईंना फोन करते आणि त्यांचे बोलणे रेकॉर्ड करून ब्लॉगवर ठेवते. परवा ‘उखळ’ झाले. त्या वीस मिनिटे बोलल्या, मध्येच मुसळाच्या तालावर म्हणायच्या ओव्यांवर गेल्या. लेक शेजारी कान देऊन बसली होती. फोन संपता संपता तिने विचारले, “आजी, मुसळ जड होतं का गं?” मराठीत! सासूबाई खूश झाल्या. त्यांनी पैशांचे काही विचारले नाही, उलट पुढच्या आठवड्यासाठी चार शब्द स्वतःच काढून ठेवले आहेत.

तर मैत्रिणींनो, आणि मित्रांनोही, या दिवाळीत घरी फोन कराल तेव्हा फराळ झाला का, फटाके वाजले का, हे विचाराच. त्याबरोबर एका वस्तूचे नावही विचारा, जी आता घरात नाही. आमच्या एका मालवणकडच्या मैत्रिणीने विचारले, तर विळीला त्यांच्याकडे ‘आदोळी’ म्हणतात हे कळले. संगणकावर मराठी टाइप करणे आता अवघड राहिलेले नाही. येत नसेल तर दर रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत मी भेटते, दहा मिनिटांत शिकवीन. नुसते फोनवर रेकॉर्ड करून आणलेत तरी चालेल, लिहून मी काढीन.

सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!