क्षितिज हरवते तेव्हा

१६ जुलै १९९९च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांनी न्यू जर्सीतून आपले छोटे पायपर साराटोगा विमान उडवले. सोबत पत्नी आणि मेहुणी होत्या. मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ ते समुद्रात कोसळले, तिघेही गेले. वादळ नव्हते, पाऊस नव्हता. होती धुरकट हवा आणि अंधार. हवामानाचा अंदाज त्यांनी आधी पाहिला होता, आणि नियमांनुसार उड्डाणाला मनाईही नव्हती.

मग घात कुठे झाला? किनाऱ्यावरचे दिवे मागे पडले की पाणी आणि आकाश एकच काळे होते. तोल सांभाळणारा आपला अंतर्कर्ण अशा वेळी फसवतो. वळण एकसारखे चालू राहिले की त्याच्या नलिकांमधला द्रवही त्यांच्याच वेगाने फिरू लागतो आणि वळणाची जाणीवच संपते. तिरपे विमान सरळ वाटते. तपासात हाच दिशाभ्रम कारण म्हणून नोंदवला गेला. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याची परवानगी केनेडींकडे नव्हती.

म्हणून दृश्यता किती मैल, एवढेच विचारणे मला अपुरे वाटते. वाटेत क्षितिज दिसेल का, तापमान आणि दवबिंदू किती जवळ आले आहेत, परत कुठून फिरायचे, हे वैमानिकाने जमिनीवरच ठरवावे. शंका असेल तर सकाळपर्यंत थांबावे.