तैलचित्रांतील मऊपणा

आमच्या मातोश्रींना गेल्या चैत्रांत ८२ वें वर्ष लागलें. छायाचित्रें घरांत पुष्कळ आहेत; परंतु रंगांत काढलेलें एक तरी चित्र असावें असें थोरल्या वहिनींच्या मनानें घेतलें, आणि उतारवयांत तैलरंग शिकूं लागलेल्या आमच्यावर तें काम आलें.

पहिल्या प्रयत्नांत आम्हीं सारा चेहरा कोरड्या मऊ कुंचल्यानें घोटघोटून गुळगुळीत केला. मातोश्रींनीं चष्मा सारखा करून पाहिलें आणि म्हटलें, "अरे, ही मी, कीं पिठांत पडलेली कोणी?" लहानपणीं विहिरीच्या पायरीवर पडून उजव्या भुवईवर झालेला व्रणही आमच्या कुंचल्याखालीं नाहींसा झाला होता.

मऊपणा म्हटला कीं वाचकांस लिओनार्दोची मोनालिसा आठवेल. त्या पद्धतीस इटालियन भाषेंत 'स्फुमातो' म्हणतात; शब्दाचें मूळ धूर. तें चित्र कापडावर नसून पॉप्लर लाकडाच्या फळीवर आहे. २०१० सालीं फ्रेंच शास्त्रज्ञांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें लिओनार्दोच्या चित्रांतील चेहरे तपासले, तेव्हां अनेक थर मिळूनही रंगाची जाडी ३०-४० मायक्रोमीटरांच्या पुढें जात नाहीं असें आढळलें. (मिलिमीटराचा हजारावा अंश तो मायक्रोमीटर!) त्या धूसरपणामागें वाट पाहणें पुष्कळ असलें पाहिजे. आम्हीं एका बैठकींत सगळें उरकूं पाहिलें होतें.

दुसऱ्या खेपेस १६ × २० इंचांच्या कॅनव्हासवर टर्पेंटाईनमध्यें पातळ केलेल्या तपकिरी 'अंबर' रंगानें प्रथम छाया मांडल्या. त्या वाळल्यावर उजेड, मधली छटा व सावली शेजारीं शेजारीं ठेवून केवळ सांध्यावरून कुंचला हलकेच फिरविला. दोन फटकाऱ्यांगणिक तो फडक्यास पुसावा, एरवीं रंगांचा चिखल होतो. गाल वळतो तेथें कडा विरूं द्यावी. पापणी, नाकपुडी आणि तो व्रण, यांस मात्र आम्हीं कुंचला लागूं दिला नाहीं. जवसाचें तेल पाण्यासारखें उडून वाळत नाहीं, हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें. म्हणून प्रत्येक थरानंतर आठ-दहा दिवस थांबलों. वरच्या थरांत तेल खालच्याहून अधिक असावें, नाहींतर पुढें भेगा पडतात. आणखी एक, घरांतील सर्वांसाठीं: तेलाचीं फडकीं चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत, तीं आपोआप पेट घेऊं शकतात, उघडीं पसरून वाळवावीं.

हें चित्र पाहून मातोश्री बराच वेळ बोलल्या नाहींत. मग व्रणावर बोट ठेवूं लागल्या, तेव्हां "ओलें आहे!" म्हणून आम्हांस ओरडावें लागलें. व्हार्निशास अजून कांहीं महिने अवकाश आहे. तोंवर चित्र माजघरांत, फोडणीच्या धुरापासून दूर टांगलें आहे.